शेंगदाणे-काजूचे वावडे असलेली मुलगी आणि युरोपची सहल : बाहेरचे जेवण कसे सांभाळावे?

प्रश्न : अलकापुरीकर

नमस्कार. आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला शेंगदाणे आणि काजू या दोन्हींची तीव्र ॲलर्जी आहे. तपासणीत पिस्त्यांचाही दोष निघाल्यामुळे डॉक्टरांनी तेही वर्ज्य सांगितले आहेत. बदाम, अक्रोड, तीळ, दूध, गहू यांपैकी कशाचाही तिला त्रास होत नाही. एका लग्नसमारंभात, "यात काजू नाहीत" असे वाढप्याने छातीठोकपणे सांगितल्यावर खाल्लेल्या पनीरच्या भाजीने तिचे ओठ सुजले, आवाज बसला आणि पाठोपाठ उलट्या सुरू झाल्या. रुग्णालयात ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन दिल्यावर ती सावरली. तेव्हापासून आमच्या घरातून सिंगतेल (शेंगदाण्याचे तेल) आणि दाण्याचे कूट हद्दपार झाले असून साबुदाण्याची खिचडीसुद्धा ओल्या खोबऱ्यावर निभावते. वडोदऱ्यात राहून हे पथ्य सांभाळणे सोपे नाही, परंतु घरापुरते ते अंगवळणी पडले आहे.

येत्या मे महिन्यात आम्ही प्रथमच परदेशी जात आहोत. सुरुवातीला इंग्लंडमध्ये लेस्टर येथे माझ्या दिरांकडे मुक्काम आणि तिथून पॅरिस, स्वित्झर्लंड व इटली अशी एका सहल कंपनीबरोबरची समूह सहल असा बेत आहे. "शुद्ध शाकाहारी व जैन जेवण, बरोबर आपलाच महाराज (स्वयंपाकी)" असे कंपनीने कळवल्यामुळे घरातील सर्वजण निश्चिंत झाले आहेत. मी मात्र अजिबात निश्चिंत नाही, कारण महाराज बरोबर आहे म्हणजे त्याचे सिंगतेल आणि काजूची ग्रेव्हीही बरोबर आहेत. जेथे भाषा येत नाही तेथील उपाहारगृहात नेमके काय आणि कोणाला विचारावे, आपल्या माणसांच्या हातचे जेवण अधिक सुरक्षित की तेथील स्थानिक जेवण, आणि औषधांची तयारी कशी ठेवावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. सासूबाईंचे मत असे की सगळे दिवस पुरतील एवढे थेपले आणि खाखरे बांधून न्यावेत.

उत्तर : मांजलपूरची आई

माझा मुलगा आता महाविद्यालयात आहे आणि त्याला लहानपणापासून शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. तुमची शंका अगदी रास्त आहे. किंबहुना परदेशात सर्वाधिक सावध राहण्याची जागा म्हणजे भारतीय उपाहारगृह, असे मी अनुभवाने सांगेन. "आपलेच जेवण आहे" म्हटले की आपण प्रश्न विचारणे सोडून देतो. शाकाहारी, जैन, शुद्ध, घरगुती या सर्व विशेषणांचा शेंगदाण्याशी काडीचाही संबंध नसतो. उलट शाकाहारी आणि जैन स्वयंपाकात ग्रेव्ही दाट व चवदार करण्यासाठी काजू आणि दाणेच अधिक वापरले जातात.

युरोपातील स्थानिक उपाहारगृहाची स्थिती कायद्यामुळे वेगळी आहे. युरोपीय संघाच्या ११६९/२०११ या नियमानुसार १३ डिसेंबर २०१४ पासून १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला मिळणे बंधनकारक आहे, आणि हे केवळ पाकीटबंद मालाला नव्हे तर हॉटेलात ताटात वाढलेल्या पदार्थालाही लागू आहे. त्या यादीत शेंगदाणे आहेत, काजू-पिस्ते धरून इतर कवचफळे आहेत, आणि शिवाय तीळ, मोहरी, सेलरी, लुपिन (एक कडधान्य) असे आपल्या ध्यानीमनी नसणारे पदार्थही आहेत. ब्रिटन संघातून बाहेर पडले असले तरी तेथे हीच यादी चालते. स्वित्झर्लंड संघात कधीच नव्हते, तरी तेथेही हीच आहे. माहिती लेखी द्यायची की तोंडी, हे देशागणिक बदलते. इटलीत बऱ्याच ठिकाणी मेनूकार्डावर पदार्थापुढे बारीक आकडे छापलेले दिसतात आणि शेवटच्या पानावर कोणता आकडा कशाचा, हे दिलेले असते. आकडा दिसला नाही तर यादी मागावी. ती मागण्यात संकोच वाटण्याचे काहीही कारण नाही, कारण ती ठेवणे हे त्यांचे कर्तव्यच आहे.

याच्या तुलनेत आपल्याकडील नियम पाहा. २०२० च्या भारतीय लेबल नियमांनुसार हॉटेलांपैकी केवळ केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक शाखा असलेल्या साखळ्यांना मेनूवर अशी माहिती द्यावी लागते. त्यामुळे आपल्या सेव-उसळीच्या दुकानात असा प्रश्न विचारायची आपल्याला सवयच नसते आणि परदेशात गेल्यावर ही सवय एका दिवसात लागत नाही. म्हणून जाण्यापूर्वी महिनाभर येथेच विचारण्याचा सराव करावा आणि मुलीलाही करू द्यावा. नऊ वर्षांच्या मुलीला "मला शेंगदाणे, काजू, पिस्ते चालत नाहीत" हे वाक्य इंग्रजीत न अडखळता म्हणता आले पाहिजे.

कायद्याच्या यादीत शेंगदाणे आणि कवचफळे हे दोन वेगळे गट आहेत, कारण शेंगदाणा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने कडधान्यांच्या कुळातला आहे. यातून प्रत्यक्षात असा घोळ होतो की तुम्ही "सुकामेवा नाही ना?" असे विचारता आणि समोरचा माणूस शेंगदाण्याचा विचारही न करता प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो. तिन्ही नावे स्वतंत्रपणे घ्यावीत आणि कार्डावरही स्वतंत्रपणे लिहावीत.

कार्डाबद्दल सविस्तर सांगते. पत्त्याच्या आकाराचे जाड कार्ड करावे. एका बाजूस फ्रेंच, दुसऱ्या बाजूस इटालियन, आणि स्वित्झर्लंडसाठी वेगळे जर्मन. मजकूर तीन-चार वाक्यांचाच असावा: माझ्या मुलीला शेंगदाणे, काजू व पिस्ते यांची गंभीर ॲलर्जी आहे, थोडासा अंश किंवा त्यांचे तेलही तिच्या जिवाला धोका करू शकते, कृपया स्वच्छ भांडी व स्वच्छ चमचे वापरावेत, आपणास खात्री नसेल तर तसे सांगावे, आम्ही दुसरे काही मागवू. हे शेवटचे वाक्य मुद्दाम घालावे, कारण "नाही" म्हणण्याची मोकळीक दिली की माणूस खरे बोलतो. मोबाइलवरील यंत्र-भाषांतरावर विसंबू नये. ती भाषा जाणणाऱ्या माणसाकडून मजकूर तपासून घ्यावा. वडोदऱ्यात विद्यापीठात आणि खासगी वर्गांत फ्रेंच-जर्मन शिकवणारे आहेत, त्यांच्याकडून हे काम सहज होईल. कार्डाच्या भरपूर प्रती न्याव्यात, कारण कार्ड वेटरबरोबर आत स्वयंपाकघरात जायला हवे आणि ते नेहमी परत येतेच असे नाही.

माझ्या सासूबाईंना एकाच कढईचा, एकाच झाऱ्याचा धोका किती असतो हे पटत नव्हते. शेवटी मी त्यांना सांगितले की हे सोवळ्यासारखे समजा: ओवळ्याचा हात लागला की पदार्थ दिसायला तसाच असला तरी तो सोवळ्यात राहत नाही. त्यानंतर त्यांनी आमच्या घरात जी शिस्त लावली ती मलाही लावता आली नसती.

उत्तर : दांडिया बाजारातील बालरोगतज्ज्ञ (निवृत्त)

औषधांपुरते लिहितो. हा तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही. त्यांच्याशी बोलताना उपयोग व्हावा एवढ्यासाठी आहे.

ॲनाफायलॅक्सिसवर, म्हणजे ॲलर्जीच्या जीवघेण्या तीव्र प्रतिक्रियेवर, पहिले औषध एकच आणि ते म्हणजे ॲड्रेनॅलिन, मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूस, स्नायूत. सेटिरिझिनसारख्या गोळ्यांनी पुरळ आणि खाज कमी होते, परंतु श्वासनलिकेची सूज आणि घसरणारा रक्तदाब थांबत नाही. "आधी गोळी देऊन पाहू, नाहीच बरे वाटले तर इंजेक्शन" या विचारात गेलेला वेळ सर्वांत घातक असतो. काही खाल्ल्यानंतर आवाज बसणे, सतत खोकला, श्वासाला घरघर, जीभ सुजणे, चक्कर, किंवा अंगावर गांधी उठून त्याबरोबरच उलट्या अशी लक्षणे दिसली की थांबू नये. इंजेक्शननंतर मुलीला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. श्वास लागत असेल तर टेकून बसू द्यावे, मात्र एकदम उभे करू नये आणि चालवत नेऊ नये. पाच मिनिटांत सुधारणा दिसली नाही तर दुसरी मात्रा देता येते, म्हणून जवळ नेहमी दोन मात्रा हव्यात. बरे वाटले तरी रुग्णालयात जावेच, कारण काही रुग्णांत काही तासांनी लक्षणे पुन्हा उद्भवतात. युरोपात सर्वत्र ११२ हा क्रमांक चालतो. ब्रिटनमध्ये ९९९ आणि ११२ दोन्ही.

आता अडचण अशी की आपोआप टोचणारे तयार पेन, म्हणजे ऑटो-इंजेक्टर, आपल्याकडील औषधांच्या दुकानात सहज मिळत नाही. आपल्याकडे १ मिलीलिटरमध्ये १ मिलीग्रॅम असे ॲड्रेनॅलिनचे काचेचे ॲम्प्युल (बंद कुपी) मिळते. मुलांसाठी मात्रा वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलीग्रॅम अशी धरतात, म्हणजे २५ किलोच्या मुलीला पाव मिलीलिटर. घाबरलेल्या अवस्थेत, हलत्या बसमध्ये, ॲम्प्युल फोडून पाव मिलीलिटर अचूक ओढणे हे सराव नसलेल्या माणसाचे काम नाही. डॉक्टरांसमोर साध्या पाण्याचे ॲम्प्युल वापरून तुम्ही आणि तुमचे यजमान दोघांनीही हात बसवून घ्यावा. त्यासाठी इन्सुलिनची सिरिंज वापरू नये. तिची सुई आखूड असल्याने औषध स्नायूपर्यंत पोहोचत नाही.

तुमचा पहिला मुक्काम इंग्लंडमध्ये आहे, ही जमेची बाजू. तेथे ऑटो-इंजेक्टर मिळतो, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. दिरांनी एखाद्या खासगी डॉक्टरांची वेळ आधीच घेऊन ठेवावी आणि तुम्ही येथील तपासणीचे कागद बरोबर न्यावेत. हे पेन बहुधा ०.१५ आणि ०.३ मिलीग्रॅम अशा मात्रांत येतात. मुलीचे वजन पंचविशीच्या आसपास असल्यास कोणते घ्यावे हे डॉक्टर ठरवतील. पेन हाती येईपर्यंत ॲम्प्युल आणि सिरिंज तुमच्या हातातील बॅगेत असावीत. सामानाच्या पेटीत टाकू नयेत. बरोबर डॉक्टरांचे सही-शिक्क्याचे इंग्रजी पत्र ठेवावे, ज्यात आजार, औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि सुया बाळगण्याचे कारण लिहिलेले असेल. औषध फ्रीजमध्ये ठेवायचे नाही आणि उन्हात तापलेल्या बसमध्येही ठेवायचे नाही.

समूह सहलीत मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. जेवायला उतरताना सर्वजण जड पिशव्या बसमध्येच ठेवतात, चालक बस दूर नेऊन उभी करतो, आणि औषधाची पिशवीही त्याच्याबरोबर जाते. ही पिशवी जो प्रौढ मुलीच्या शेजारी बसून जेवणार आहे त्याच्या खांद्याला हवी.

विम्याबद्दल: शेंगेन व्हिसासाठी (युरोपातील बहुतेक देशांचा सामायिक व्हिसा) किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण आवश्यक असतेच, परंतु विमा घेताना ॲलर्जीची नोंद स्पष्टपणे करावी आणि आधीपासूनच्या आजारातून उद्भवलेली आणीबाणी त्या पॉलिसीत समाविष्ट आहे ना, हे लेखी विचारून घ्यावे. बऱ्याच पॉलिसींमध्ये नेमके तेच वगळलेले असते.

उत्तर : लेस्टरचा बल्लव

मी मूळचा रावपुऱ्याचा. इंग्लंडमध्ये भारतीय उपाहारगृहांच्या स्वयंपाकघरात उमेदवारी केली आणि आता स्वतःचे छोटे केटरिंग चालवतो. मांजलपूरच्या ताईंनी भारतीय हॉटेलांबद्दल लिहिले ते खरे आहे. त्यामागचे कारण आतल्या बाजूने सांगतो.

आमच्याकडे सकाळी एका मोठ्या पातेल्यात कांदा-टोमॅटोचा बेस शिजतो आणि दुसऱ्या पातेल्यात पांढरी ग्रेव्ही, जिच्यात काजूची पेस्ट असते. संध्याकाळी ऑर्डर आली की आचारी दोन्हींतून डावाने काढून तव्यावर जुळणी करतो. मेनूवर पदार्थ साठ असले तरी मूळ पातेली दोन-तीनच. तो एकच डाव दोन्ही पातेल्यांत जातो, आणि पॅन रिकामे झाले की शेजारच्या बादलीतल्या पाण्याने खळबळून पुन्हा आचेवर चढते. शुक्रवार-शनिवारच्या गर्दीत ते घासले जात नाही. त्यामुळे "डाळ तडका मागवा, त्यात काजू नसतात" हा सल्ला पाककृतीपुरता बरोबर असला तरी त्या पॅनपुरता बरोबर असेलच असे नाही.

दुसरा धोका साहित्य बदलण्याचा. ब्रिटनमध्ये २०१४ साली एका ग्राहकाने शेंगदाण्याची ॲलर्जी आहे असे स्पष्ट सांगूनही त्याला दिलेल्या भारतीय पदार्थात शेंगदाणे होते आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. मालकाने खर्च वाचवण्यासाठी बदामाच्या पुडीऐवजी शेंगदाणा असलेले स्वस्त मिश्रण वापरायला सुरुवात केली होती. २०१६ मध्ये न्यायालयाने त्याला सदोष मनुष्यवधाबद्दल सहा वर्षांची शिक्षा दिली. येथील भारतीय हॉटेलवाल्यांना त्या निकालाने खडबडून जागे केले, हे मी स्वतः पाहिले आहे. आता चांगल्या ठिकाणी प्रत्येक पदार्थाची घटकसूची ठेवलेली असते आणि ॲलर्जीची ऑर्डर वेगळ्या रंगाच्या चिठ्ठीवर आत येते. तरीही बदामाची म्हणून येणारी पूड खरोखर बदामाची आहे का, हे विचारायला हरकत नाही.

म्हणून वेटरला नव्हे, व्यवस्थापकाला विचारा, आणि आचाऱ्यापर्यंत निरोप गेला याची खात्री करून घ्या. "यात काजू आहेत का?" असा प्रश्न विचारू नका, कारण त्याचे उत्तर घाईत "नाही" असेच येते. "हे कोणत्या ग्रेव्हीत बनते, ती ग्रेव्ही कशाची आहे, आणि कोणत्या तेलात तळता?" असे विचारा. ज्याला उत्तर माहीत आहे तो लगेच सांगतो. ज्याला माहीत नाही तो आधी मान डोलावतो आणि मग इकडेतिकडे पाहतो. अशा ठिकाणी जेवू नका. संध्याकाळी साडेपाच-सहाला, दुकान उघडल्या उघडल्या गेलात तर पॅन आणि तेल दोन्ही ताजे असतात आणि आचाऱ्याला तुमच्याशी बोलायला वेळही असतो.

दाक्षिणात्य ठिकाणी इडली बहुधा निर्धोक असते. घोटाळा चटणीत, पोडीत (कोरड्या चटणीत) आणि उपम्यात असतो. तळणीच्या बाबतीत, एकाच फ्रायरमध्ये भजी आणि काजूचे कबाब तळले जात असतील तर चिप्ससुद्धा नको.

तेलाबद्दल थोडे विषयांतर करतो, पण वडोदऱ्याच्या माणसाला ते उपयोगी पडेल. पूर्ण रिफाइंड केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिने जवळजवळ उरत नाहीत. आपले फिल्टर केलेले सिंगतेल मात्र तसे नसते. त्याचा जो वास आपल्याला प्रिय आहे, तोच ते फारसे शुद्ध न केल्याची खूण आहे. तुमच्या सहलीतील महाराज डबे बरोबर नेत असेल तर ते कोणते तेल आहे हे निघण्यापूर्वी कंपनीकडून लेखी मागवा. आणखी एक: अनेक सहल कंपन्या रोज स्वतः स्वयंपाक करत नाहीत, तर निम्मी जेवणे त्या त्या शहरातील भारतीय हॉटेलात ठरवलेली असतात. त्या हॉटेलांची नावेही आधीच मागून घ्या.

उत्तर : कारेलीबागकर

मला वाटते आपण सगळे फार गुंतागुंत करत आहोत. एवढा धोका असेल तर बाहेर खाऊच नये. थेपले, खाखरे, सुखडी, मुरमुरे बरोबर न्यावेत आणि दूध-फळांवर भागवावे. आमच्या पिढीने याच पद्धतीने काशी-रामेश्वर केले आहे.

उत्तर : मांजलपूरची आई

कारेलीबागकर यांचा सल्ला काही अंशी योग्य आहे आणि पहिल्या दोन दिवसांसाठी मीही तेच करते. परंतु दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. दुधाचे पदार्थ, म्हणजे पेढे, पनीर, तूप, खासगी सामानातून युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये भारतातून नेता येत नाहीत, ते काढून घेतले जातात. आणि नऊ वर्षांची मुलगी सहलीभर इतरांच्या ताटांकडे पाहत खाखरा खाईल, अशी अपेक्षा करणे तिच्यावर अन्याय आहे; अशी मुले मग एक दिवस चोरून खातात आणि तेच सर्वांत धोक्याचे. बाजारातले तयार थेपले-खाखरे कोणत्या तेलात बनले आहेत हेही पाहावे लागते, घरचेच न्यावेत.

यातला मधला मार्ग म्हणजे तेथील सुपरमार्केट. युरोपात आणि ब्रिटनमध्ये पाकिटावरील घटकांच्या यादीत ॲलर्जीकारक पदार्थ ठळक अक्षरांत किंवा अन्य प्रकारे उठून दिसतील असे छापणे सक्तीचे आहे, त्यामुळे भाषा न येताही नजर नेमकी तेथे जाते. ब्रेड, साधे दही, फळे, उकडलेले बटाटे, साधा पास्ता यांवर एक वेळचे जेवण छान होते. "अंश असू शकतो" ही सूचना मात्र ऐच्छिक असते; ती छापलेली नाही याचा अर्थ अंश नाहीच असा नव्हे.

काजूसाठी दोन सापळे खास शाकाहारी लोकांचे आहेत. दुधाऐवजी वनस्पतिजन्य म्हणून विकले जाणारे व्हीगन चीज आणि क्रीम पुष्कळदा काजूचे असते. आणि इटलीत बाटलीबंद पेस्तो सॉसमध्ये चिलगोज्यांऐवजी स्वस्त म्हणून काजू घातलेले आढळतात. मूळ पाककृतीत ते नाहीत, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. आइस्क्रीमच्या दुकानात पिस्त्याचा चमचा दुसऱ्या डब्यात जातो, त्यामुळे मुलीला सुट्या गोळ्याऐवजी घटकसूची छापलेले बंद पाकिटातलेच द्यावे.

पुन्हा : अलकापुरीकर

सर्वांचे मनापासून आभार. सहल कंपनीला पत्र लिहिले. महाराज सिंगतेलच नेतो असे उत्तर आले; मात्र आमच्यासाठी मक्याच्या तेलाचा वेगळा डबा, वेगळी कढई आणि वेगळा झारा ठेवण्यास ते तयार आहेत, आणि आमचे ताट सर्वांत आधी काढले जाईल असेही त्यांनी लिहून दिले आहे. ठरलेल्या हॉटेलांची यादी अजून यायची आहे. डॉक्टरांकडे सरावाची वेळ घेतली आहे.

दोन शंका उरल्या. विमानातील जेवणाचे काय करावे? आणि यजमानांचे म्हणणे की एवढी यातायात असेल तर युरोपऐवजी जवळच थायलंडला जावे, तेथे शाकाहारीही भरपूर मिळते. हे कितपत योग्य ठरेल?

उत्तर : बँकॉकहून परतलेला

नोकरीच्या निमित्ताने मी बँकॉकमध्ये राहिलो आहे, म्हणून स्पष्टच लिहितो: शेंगदाणे आणि काजू या दोहोंची ॲलर्जी असलेल्या मुलीची पहिली परदेश सहल थायलंडला नेऊ नका. पॅड थाईवर दाण्यांचे कूट असते, साते दाण्यांच्या चटणीबरोबर येते, मसमन करीत दाणे असतात, आणि भाजी परतताना काजू घालणे नित्याचे आहे. त्यातही मुख्य अडचण भांड्यांची. कच्च्या पपईची सोम तम ही कोशिंबीर करणारी बाई एकाच खोल खलात लसूण, मिरची, दाणे आणि पपई कांडते. तुम्ही "दाणे नको" म्हटले तर ती हसून दाणे घालत नाही, पण खल तोच, मुसळ तेच, आणि मागच्या गिऱ्हाइकाच्या दाण्यांचा चुरा त्यात तसाच. यात तिचा दोष नाही. रस्त्यावरच्या गाडीवर यापेक्षा वेगळे घडणे शक्यही नसते. वेटर मंडळी अतिशय नम्र असतात आणि नाही म्हणणे त्यांना अवघड जाते, हेही लक्षात घ्या. मुलगी मोठी झाल्यावर, स्वतः विचारू लागल्यावर, थाई भाषेतील कार्ड घेऊन आणि चांगल्या हॉटेलांपुरते मर्यादित राहून जाता येईल. तेथे रुग्णवाहिकेचा क्रमांक १६६९ आहे.

उत्तर : दांडिया बाजारातील बालरोगतज्ज्ञ (निवृत्त)

विमानाबद्दल. हिंदू शाकाहारी किंवा जैन असे जेवण आधी नोंदवता येते, परंतु त्याचा शेंगदाणे-काजूंशी संबंध नाही, आणि सुकामेव्यापासून मुक्त जेवणाची हमी विमान कंपन्या सहसा देत नाहीत. मुलीचे जेवण घरचेच न्यावे आणि विमानातले देऊ नये. तिकीट काढताना, पुन्हा चेक-इनच्या वेळी आणि विमानात शिरताना कर्मचाऱ्यांना ॲलर्जीची कल्पना द्यावी. शेजारी कोणी दाणे खाल्ले तर हवेतून येणाऱ्या वासाने सहसा तीव्र प्रतिक्रिया येत नाही. धोका असतो तो आधीच्या प्रवाशाने हाताळलेल्या ट्रे, पट्टा आणि खुर्चीच्या हातांना चिकटलेल्या अंशाचा, जो मुलांच्या बोटांवरून तोंडात जातो. बसल्या बसल्या ओल्या पुसण्यांनी ते सर्व पुसून घ्यावे. सॅनिटायझरने जंतू मरतात, शेंगदाण्याचे प्रथिन मात्र हातावर तसेच राहते. साबण-पाणी किंवा ओली पुसणीच हवी. विमानतळावरील दुकानांत सध्या पिस्त्याच्या चॉकलेटांचे नमुने सर्रास वाटतात, तेवढे मुलीला आधीच बजावून ठेवावे.

उत्तर : लेस्टरचा बल्लव

महाराजाने लिहून दिले, हे उत्तम झाले. तरी पहिल्याच दिवशी तुम्ही स्वतः त्याला भेटा, मुलीला समोर उभी करा आणि लग्नातला प्रसंग गुजरातीत सांगा. "थोडुंक तो चाले" हे वाक्य आपल्या आचाऱ्यांच्या तोंडी फार असते. मुलगी डोळ्यांसमोर आली की ते बंद होते. त्याचबरोबर त्याच्या मदतनिसालाही सांगा, कारण वाढप तोच करतो आणि चिवडा वाढलेलाच हात पोळीला लागतो.

एवढे करूनही एखाद्या हॉटेलात काजू पेरलेले ताट समोर आले, तर ते परत पाठवताना थोडी काळजी घ्यावी. घाईच्या वेळी आतला माणूस वरचे काजू वेचतो, भाजी हलवतो आणि तेच ताट दोन मिनिटांनी परत पाठवतो. हे मी पाहिलेले आहे. म्हणून व्यवस्थापकाला बोलवा, नवे ताट नव्या पॅनमध्ये करायला सांगा, आणि ते टेबलावर येईपर्यंत जुने ताट उचलू देऊ नका. मुलीने त्याला हात लावला असेल तर तिचे हात साबणाने धुवून आणा. नव्या ताटाला अजिबात वेळ न लागता ते समोर आले, तर ते खाऊ घालू नका. बिल देऊन उठा आणि पिशवीतला थेपला काढा.